स्कॉटलंडमध्ये आडनाव कुणी विचारत नाही, शाळा विचारतात – तुमचा अनुभव काय?

क्लाइडकाठी – शनिवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. ग्लासगोत येऊन सहा वर्षं झाली. आता स्वतःचं घर घ्यायचं चाललंय आणि त्या निमित्ताने मनात साचलेलं काही इथे मांडतेय.

या शहराच्या प्रेमात पडले ते माणसांमुळे. बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, भाजीच्या दुकानातली बाई प्रेमाने ‘हेन’ म्हणून हाक मारते, ऑफिसात सगळ्यात वरच्या साहेबालाही नावानेच बोलवतात. मी सोलापुरात वाढले. भाड्याची खोली बघायला गेलं की तिथे पहिला प्रश्न कोणता असायचा ते इथे सांगायला नको. तो प्रश्न इथे नाही, याने मला खरंच मोकळं वाटलं होतं.

हळूहळू कळलं की प्रश्न आहे, फक्त शब्द वेगळे आहेत. ऑफिसात नवा मुलगा आला, तोही ग्लासगोचाच. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला माझ्या शेजारच्याने विचारलं, ‘शाळा कुठली तुझी?’ शाळेच्या नावात ‘सेंट’ आलं की बहुधा कॅथलिक, म्हणजे घराणं मूळचं आयर्लंडचं, म्हणजे सेल्टिक फुटबॉल क्लबवाला. नाही आलं तर प्रॉटेस्टंट, म्हणजे रेंजर्स या दुसऱ्या क्लबवाला. ऐकताना पोटात कसंतरी झालं. ही रीत माझ्या चांगल्या ओळखीची होती.

आता घराचं. आपली सगळी मंडळी सांगतात, न्यूटन मर्न्स नाहीतर बेअर्सडनला घ्या, शाळा चांगल्या. मला पूर्वेकडचं डेनिस्टून आवडलंय. ऑफिस जवळ, जुनी दगडी इमारत, उंच छत. पण ‘ईस्ट एंड’ म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. माझी मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल.

मला विचारायचंय ते हे: इथली दरी नक्की कशाची आहे? धर्माची, पैशाची, की पत्त्याची? आणि ‘चांगली वस्ती’ शोधताना आपणही ती थोडी रुंद करतो का?

---

तिखटमीठ – शनिवार, रात्री ९.४०

वाचनखूण साठवली. बहीण पुढच्या महिन्यात ॲबर्डीनला चाललीय, तिला वाचायला देते.

---

कॅसलखालचा – शनिवार, रात्री १०.०५

एडिनबरात बारा वर्षं आहे. प्रश्न आमच्याकडेही तोच, पण तो धर्मासाठी नसतो. आमच्याकडे ‘शाळा कुठली’ म्हणजे ‘फी भरून शिकलास का’. अख्ख्या स्कॉटलंडमध्ये खासगी शाळेत जाणारं मूल पंचविसातलं एक. एडिनबरात पाचातलं एक, किंबहुना जास्तच. वकिली, बँका, विमा, सगळीकडे ठरावीक पाच-सात शाळांची नावं ऐकू येतात. त्या नावांच्या यादीत तुम्ही नसलात तर कुणी अपमान करत नाही. संभाषण दुसरीकडे वळतं, एवढंच.

पर्यटकांना आमचा किल्ला दिसतो, रॉयल माइल दिसतो. नीड्री, मुअरहाउस, वेस्टर हेल्स या वस्त्या त्यांना दिसत नाहीत. शहराच्या कडेला नेऊन ठेवल्यात. त्यांना इथे ‘स्कीम’ म्हणतात. ‘तो स्कीममधला आहे’ हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं, तो सूर मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

---

वाटसरू – शनिवार, रात्री १०.२०

धर्मावरून आठवलं. ग्लासगोत हा किस्सा प्रत्येकाने ऐकलेला असतो. एक जण म्हणतो, ‘मी नास्तिक आहे.’ समोरचा म्हणतो, ‘ते ठीक, पण कॅथलिक नास्तिक की प्रॉटेस्टंट नास्तिक?’

आता तर २०२२च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त, ५१ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिलंय. किस्सा अजून चालतोच.

---

गिरणगावची पोर – शनिवार, रात्री ११.१०

क्लाइडकाठी, मनातलं लिहिलंस. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच. म्हणून मला इथल्या पश्चिम पट्ट्यातल्या बायकांच्या गोष्टी ऐकताना वेगळं काही ऐकतेय असं वाटतच नाही. मदरवेलला रेव्हन्सक्रेगचा पोलादाचा कारखाना १९९२ला बंद झाला. लिनवूडचा मोटारींचा कारखाना १९८१ला. क्लाइड नदीवरच्या गोद्या एकेक करून गेल्या. कारखाना गेला की आधी बापाचा पगार जातो, मग बापाचं घरातलं बोलणं जातं, मग तो दिवसभर जातो कुठे हे कुणी विचारेनासं होतं. लालबागला मी हे पाहिलंय.

आमच्याकडे गिरणीच्या जागी टॉवर आणि मॉल आले. रेव्हन्सक्रेगची जमीन कितीतरी वर्षं नुसती मोकळी पडून होती. यातलं वाईट कुठलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

आकडेमोड – रविवार, सकाळी ९.००

प्रश्न ‘धर्म, पैसा की पत्ता’ असा आहे, तर आज पत्ता. निदान जगण्या-मरण्याच्या बाबतीत तरी.

ग्लासगोत पश्चिमेचं श्रीमंत जॉर्डनहिल ते पूर्वेचं गरीब ब्रिजटन या रेल्वेमार्गाचा एक प्रसिद्ध हिशेब आहे. दर स्टेशनामागे पुरुषांचं सरासरी आयुर्मान दोन वर्षांनी कमी होतं, बायकांचं सव्वा वर्षाच्या आसपास. गाडीत बसून पुस्तकाची वीस पानं वाचून होत नाहीत तोवर चौदा वर्षं गेलेली असतात. आकडे काही वर्षांपूर्वीचे आहेत, चित्र मात्र फारसं बदललेलं नाही.

ईस्ट एंडमधल्या कॅल्टनमध्ये पुरुषाचं आयुर्मान ५४ आणि जवळच्या सधन लेन्झीत ८२, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या अहवालात आलं आणि जगभर गाजलं. कॅल्टनचा आकडा भारताच्या तेव्हाच्या सरासरीहूनही खाली होता. पण तो आकडा वापरताना जपून. वस्ती छोटी, माहिती जुनी आणि तिथे बेघर पुरुषांची वसतिगृहं होती, त्यामुळे सरासरी आणखी खाली गेली होती. कॅल्टनवाल्यांना हा शिक्का अजून पुसता आलेला नाही.

कारणांबद्दल थोडं. लिव्हरपूल, मँचेस्टर आणि ग्लासगो, तिन्हीकडे गरिबी जवळपास सारखी. तरी ग्लासगोत अकाली मृत्यू तीस टक्क्यांनी जास्त. ‘ही माणसंच तशी, पितात आणि तळलेलं खातात’ असं म्हणून लोक मोकळे होतात. संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं तर सरकारी निर्णय सापडले. युद्धानंतर ईस्ट किलब्राइड, कंबरनॉल्ड अशी नवी शहरं उभारली आणि ग्लासगोतून तिथे नेताना तरुण, कामात कुशल, धडधाकट कुटुंबं निवडली. म्हातारी, आजारी, बेकार माणसं मागे राहिली. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला ड्रमचॅपल, ईस्टरहाउस, कॅसलमिल्क, पोलोक अशा प्रचंड वसाहती बांधल्या. घरं दिली, पण दुकानं, दवाखाने, बस यांची आठवण पुष्कळ उशिरा झाली. चाळ मोडली की शेजारही मोडतो, हे गिरणगावची पोर जास्त चांगलं सांगेल.

---

गिरणगावची पोर – रविवार, सकाळी ९.३५

मोडतो. आईला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा सहा महिने ती रोज संध्याकाळी खाली येऊन नुसती गेटपाशी उभी राहायची.

---

सडेतोड – रविवार, दुपारी १२.१५

थोडं वेगळं बोलतो. स्कॉटलंडमध्ये पदवीचं शिक्षण इथल्या मुलांना फुकट, २०११पासून औषधं फुकट, २२ वर्षांखालच्यांना बस फुकट. गरीब घरातल्या प्रत्येक मुलामागे दर आठवड्याला सरकार पैसे देतं, ते इंग्लंडमध्येही नाही. या सगळ्यासाठी माझ्यासारख्याच्या पगारातून कर जातो, वरच्या पायऱ्यांवर ४२, ४५, ४८ टक्के. इतकं हातात असूनही माणूस वर येत नसेल तर दोष फक्त व्यवस्थेचा कसा? आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलोच ना?

आणि धागाकर्तीला प्रामाणिक सल्ला. तत्त्वं आपली आपण पाळावीत, लेकराच्या शाळेवर प्रयोग करू नये. न्यूटन मर्न्सला घ्या.

---

औषधांची ताई – रविवार, दुपारी २.५०

सडेतोड दादा, तुमच्यावर राग नाही, पण मी याला उत्तर देणारच.

मी ईस्ट एंडमधल्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहून मेथाडोन (हेरॉइनऐवजी दिलं जाणारं औषध) घेणारी माणसं येतात. माझ्यासमोरच घ्यावं लागतं, नियम आहे. बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले पुरुष. म्हणजे गिरणगावची पोर सांगतेय ते कारखाने बंद झाले तेव्हा शाळेत असलेली मुलं. मला त्यांची नावं, वाढदिवस पाठ आहेत. एक जण माझ्या मुलाच्या परीक्षेची तारीख लक्षात ठेवून विचारायचा, ‘पेपर कसा गेला?’ गेल्या हिवाळ्यात तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी त्याची बहीण सांगायला आली.

२०२०मध्ये या देशात अमली पदार्थांनी १३३९ माणसं गेली. लोकसंख्या पंचावन्न लाख. त्या वर्षी सगळ्यात गरीब वस्त्यांमध्ये हे मरण सगळ्यात श्रीमंत वस्त्यांच्या अठरा पट होतं. पुढे आकडा थोडा उतरला, तरी २०२४मध्येही हजाराच्या वरच. जानेवारी २०२५मध्ये इथे ‘द थिसल’ नावाचं केंद्र सुरू झालं, जिथे नर्सच्या देखरेखीखाली सुई घेता येते. आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी आहेत, काही खऱ्याही आहेत. पण गल्लीत एकट्याने मरण्यापेक्षा ते बरं, हे मी रोज बघून सांगते.

आपण दोन बॅगा घेऊन आलो, खरं. त्या बॅगेत पदवीचा कागद होता. मागे आईबाप होते, जे म्हणत होते, जमलं नाही तर परत ये.

---

सडेतोड – रविवार, दुपारी ३.३०

ताई, शेवटच्या दोन ओळी वाचून थांबलो. माझ्या कागदामागे वडिलांची विकलेली दोन एकर होती. तुमचं म्हणणं मान्य. शाळेबद्दलचा सल्ला मात्र कायम.

---

निळी शाई – रविवार, दुपारी ४.२०

जरा अवांतर. रंगांबद्दल.

सासूबाईंनी नातवासाठी साताऱ्याहून स्वेटर विणून पाठवला. हिरवा-पांढरा, आडव्या पट्ट्यांचा. तो घालून पोरगं खाली खेळायला गेलं तर समोरचे आजोबा लगबगीने माझ्याकडे आले. ‘बाळ सेल्टिकचं आहे का?’ मी म्हटलं, नाही हो, ते साताऱ्याचं आहे. आजोबा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने निळी, म्हणजे रेंजर्सच्या रंगाची लोकर आणून दिली, ‘आजीला सांगा, पुढचा यातून विणा.’ सासूबाईंनी विणला. आता पोराकडे दोन्ही आहेत.

---

वाटसरू – रविवार, दुपारी ४.४५

सासूबाईंना ग्लासगोचं महापौर करा.

---

क्लाइडकाठी – रविवार, सायंकाळी ६.१०

निळी शाई, फार गोड. पण या रंगांमागचा इतिहास कडू आहे, तोही लिहिते. सेल्टिक क्लब १८८७-८८मध्ये सुरू झाला तोच मुळी ईस्ट एंडमधल्या उपाशी आयरिश मुलांच्या जेवणाला पैसे हवेत म्हणून. १९२३मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडनेच आयरिश लोक स्कॉटिश राष्ट्राला धोका आहेत असा अहवाल काढला आणि त्याची माफी मागितली २००२मध्ये. १९८९ला रेंजर्सनी मो जॉन्स्टन हा कॅथलिक खेळाडू घेतला तेव्हा त्यांच्याच काही चाहत्यांनी गळ्यातले स्कार्फ जाळले. तेव्हा जन्मलेली माणसं आज माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. नोकऱ्यांमध्ये पूर्वीसारखा भेद उरलेला नाही असं तीच सांगतात. सामन्याच्या दिवशी आणि जुलैतल्या प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुकांच्या वेळी मात्र अजून जपून राहावं लागतं.

---

कोकणकडा – रविवार, रात्री ८.००

सगळे शहरावर बोलताय, जमिनीवर कुणीच नाही.

मी इन्व्हरनेसजवळ राहतो, गाव दापोलीकडचं. हायलँड्सच्या डोंगरांमध्ये मैलोन्‌मैल एकही धूर दिसत नाही तेव्हा पर्यटक म्हणतात, काय निसर्ग! नीट बघितलं तर गवतात घरांच्या जोत्यांचे दगड दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. आणि अजूनही या देशातली खासगी ग्रामीण जमीन निम्मी फक्त ४३२ मालकांकडे आहे, असा २०१३च्या सुमाराचा हिशेब आहे. सरंजामी जमीनपद्धत कायद्याने संपली कधी, तर नोव्हेंबर २००४मध्ये! आपल्याकडची खोती त्याच्या पन्नासेक वर्षं आधी गेली.

इथला क्रॉफ्टर म्हणजे आपलं कूळ. १८८६च्या कायद्याने त्याला निदान कुणी हुसकावू शकणार नाही एवढं संरक्षण मिळालं. आमच्या पणजोबांनी खोताकडे वेठ केली. म्हणून ऐग बेटावर गेलो तेव्हा घसा दाटून आला. शंभराच्या आसपास वस्तीचं बेट. मालक बदलत होते, लोकांना विचारत कुणी नव्हतं. १९९७मध्ये रहिवाशांनी वर्गणी काढून आणि देशभरातून मदत मिळवून बेटच विकत घेतलं. आता वीजही त्यांची स्वतःची, पाणी-वारा-उन्हातून केलेली. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, त्याहून जास्त कुठल्याच घराला नाही. श्रीमंत असो की गरीब. मला हा नियम सांगणाऱ्या बाईच्या आवाजातला अभिमान अजून आठवतो.

---

बालवाडीवाली – सोमवार, सकाळी ७.४०

भाषेचं राहिलं. मी एका सरकारी नर्सरीत काम करते. चार वर्षांचं पोर ‘आय डिन्ना केन’ म्हणतं, म्हणजे ‘मला म्हाईत न्हाई’. काही मोठी माणसं लगेच म्हणतात, ‘नीट बोल.’ नीट म्हणजे लंडनच्या बातम्यांसारखं. पंधरा लाख लोक स्कॉट्स बोलतात, कवी रॉबर्ट बर्न्सची हीच भाषा, २५ जानेवारीला हॅगिस पुढ्यात घेऊन त्याच्या कविता सुटाबुटात म्हणतात. तीच भाषा स्कीममधल्या पोराच्या तोंडी आली की चूक ठरते. मी लातूरची आहे. पुण्याच्या कॉलेजात ‘करलालो’ म्हटल्यावर वर्ग हसला होता. म्हणून मी त्या पोराला कधीच टोकत नाही. विचारते, ‘अजून काय काय डिन्ना केन?’

आणि सडेतोड, मेहनतीचं म्हणत होतात. करोनाच्या वर्षी, २०२०मध्ये परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी गुण दिले आणि मंडळाने शाळेच्या आधीच्या निकालांकडे बघून ते खाली आणले. ‘हायर’ या विद्यापीठाआधीच्या परीक्षेत सगळ्यात गरीब वस्त्यांमधल्या मुलांचं उत्तीर्णतेचं प्रमाण १५.२ टक्क्यांनी घसरलं, सगळ्यात श्रीमंतांचं ६.९ने. मुलं फलक घेऊन रस्त्यावर उतरली, आठवड्याभरात सरकारने निर्णय फिरवला. पण त्या मुलांनी कागदावर वाचलं होतं की तुमची शाळा अशी आहे, म्हणून तुम्हीही एवढेच.

---

कॅसलखालचा – सोमवार, सकाळी ८.३०

बालवाडीवाली यांना अनुमोदन. जोडीला एक: हमझा युसफ २०२३मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथले मुख्यमंत्री झाले, अनस सरवर २०२१मध्ये स्कॉटिश लेबर पक्षाचे नेते झाले. दोघांचीही घराणी पाकिस्तानातून आलेली, ही केवढी मोठी गोष्ट. आणि दोघेही ग्लासगोतल्या एकाच खासगी शाळेचे, हचिसन्स ग्रामरचे. वर्णाची भिंत ओलांडता येते, फीची भिंत ओलांडून आल्यावर जरा लवकर.

---

उंबरठा – सोमवार, दुपारी १.००

दोन दिवस लिहू की नको करत होते.

सगळे स्कॉटिश लोकांचं सांगताय. आपलं? मी इथे आले तेव्हा पहिल्याच वर्षी एका घरगुती गणपतीला गेले होते. आरती झाली, प्रसाद झाला. एक काकू प्रेमाने जवळ बसल्या. गाव विचारलं, मग ‘मूळ आडनाव काय?’, मग ‘घरात कुणाचा फोटो असतो?’ मी बाबासाहेबांचं नाव घेतलं. त्या हसल्या, ‘छान’ म्हणाल्या आणि उठून पलीकडे गेल्या. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

माझी शेजारीण कॅथलिक आहे. तिला हे सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, ‘म्हणजे तुमच्याकडेही शाळा विचारतात?’

---

क्लाइडकाठी – सोमवार, दुपारी १.२०

उंबरठा, वाचून खूप वाईट वाटलं. लिहिलंस हे बरं केलंस. या वर्षी माझ्याकडे गौरी आहेत, कुठेही राहत असले तरी. तू आणि शेजारीण दोघींनी यायचं. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

---

आकडेमोड – सोमवार, दुपारी २.१५

उंबरठा, तुमच्या प्रतिसादापुढे माझ्या आकड्यांचं काही नाही. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १३ मे २०२१, ईदचा दिवस. पोलोकशील्ड्समध्ये केनम्युअर स्ट्रीटवर गृहखात्याच्या इमिग्रेशनवाल्या गाडीने दोन भारतीयांना सकाळीच उचललं. एक माणूस गाडीखाली जाऊन झोपला. बघता बघता शेकडो लोक जमले, गोरे, पंजाबी, पाकिस्तानी, आज्या, विद्यार्थी. ‘हे आमचे शेजारी आहेत, सोडा त्यांना’ असं आठेक तास चाललं होतं. संध्याकाळी दोघांना सोडलं. मी त्या गर्दीत होतो. त्या दोघांची शाळा, आडनाव, धर्म कुणी विचारल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

---

औषधांची ताई – सोमवार, सायंकाळी ७.३०

मूळ प्रश्नाकडे वळते, नाहीतर क्लाइडकाठीचं घर राहून जायचं.

डेनिस्टूनला घे असं मी म्हणणार नाही, मर्न्सला घेऊ नकोस असंही नाही. एवढं सांगते, डेनिस्टून आता बदलतंय. कॉफीची दुकानं आली, भाडी चढली, जुने भाडेकरू पुढे ढकलले जाताहेत. म्हणजे तू आलीस तरी कुणाच्या तरी जागेवर येणारच. तेव्हा नुसतं राहायला येऊ नकोस. पोरीला इथल्या शाळेत घाल, पालकांच्या मंडळात बस, जिन्यातल्या म्हातारीचं दूध आणून दे. माझी दोन्ही मुलं ईस्ट एंडच्या सरकारी शाळेत शिकली. मोठा इंजिनिअरिंगला आहे. धाकटीचे मित्र माझ्या स्वयंपाकघरात पोह्यांवर तुटून पडतात. त्यांच्यातल्या दोघांच्या घरी महिनाअखेरीला फ्रीज रिकामा असतो, हे तिला माहीत आहे. डबा ती आपणहून जास्त भरून नेते.

---

सडेतोड – सोमवार, रात्री ९.०५

ताई म्हणतात तर शाळा एकदा आत जाऊन बघून या. नुसत्या निकालाच्या तक्त्यावर जाऊ नका. हे मी म्हणतोय.

---

क्लाइडकाठी – मंगळवार, सकाळी ८.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी शाळा बघायला जातोय, मुख्याध्यापिकेने स्वतः फोन केला. शनिवारी डेनिस्टूनचा फ्लॅट दुसऱ्यांदा बघायचाय, दुसरा मजला. होम रिपोर्टमध्ये (विक्रीच्या घराचा तपासणी अहवाल) छताच्या दुरुस्तीचं काहीतरी लिहिलंय. जुन्या दगडी इमारतीत छताचा खर्च सगळ्या घरांत वाटून घेतात ना? कुणाला अनुभव आहे का?

---

निळी शाई – मंगळवार, सकाळी ८.४०

हो, सगळ्यांत. खालच्या मजल्यावर गळत नसलं तरी तोही भरतो. सह्या गोळा करायला वेळ लागतो, आत्तापासून सगळ्यांची दारं वाजवायला लाग. आणि जिना धुवायची पाळी कोणत्या दिवशी असते ते पहिल्याच दिवशी विचारून घे.